टोलचं पाकीट

देओलिंदाचा देवावर विश्वास होता, पण पाकिटांवर जास्त. शावेश गावातल्या शाळेच्या खाणावळीत तिने चौतीस वर्षं दोनशे पोरांसाठी सूप रांधलं, तेही नेमून दिलेल्या पैशांत, आणि एकही पोर कधी उपाशी उठलं नाही. घरातही तोच कारभार. विजेच्या बिलाची रिकामी पाकिटं ती जपून ठेवायची, वर पेन्सिलीने नाव लिहायची आणि महिन्याचे पैसे त्यांत वाटून टाकायची. औषधाचं ते औषधाचं, मासळीचं ते मासळीचं. एकातला पैसा दुसऱ्यात जायचा नाही, मग घरावरचं छप्पर का उडेना.

तिचा नवरा अदेरितो रस्त्यावरचा कामगार होता. राष्ट्रीय रस्ता क्रमांक दोन त्यांच्या गावातून निघतो आणि उभा देश ओलांडून पार खाली फारोला, समुद्राच्या अलीकडे संपतो. सातशे अडतीस किलोमीटर. त्यातले चौदा ते एकोणीस एवढे अदेरितोचे. कडेची नाली उपसायची, गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. एकोणचाळीस वर्षं त्याने हेच केलं. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्या अंगावर धूळ उडवून जायच्या आणि हा फावड्यावर हनुवटी टेकून म्हणायचा, "जा बाबांनो. एक दिवस मीही येतो." देओलिंदाने हे इतक्यांदा ऐकलं होतं की ती ऐकेनाशी झाली होती.

मग काचबिंदू निघाला. पोर्तू शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंदाचा हिवाळा लागला की गाडी चालवणं बंद, कायमचं. देओलिंदाला गाडी येत नव्हती. घरी पोचल्यावर कोट न काढताच अदेरितो म्हणाला, "अगं, रस्त्याचा शेवटचा दगड बघायचा राहिला."

त्या आठवड्यात तिने पाच पाकिटं काढली. घरामागच्या चेस्टनटच्या झाडांचे सहा वर्षांचे पैसे होते, एक हजार सत्तर युरो. पेट्रोल, एकशे नव्वद. बारा रात्रींची झोप, तीस-तीसप्रमाणे तीनशे साठ. जेवण, तीनशे. गाडी बिघडली तर, साठ. आणि टोल, एकशे साठ. हे पाचवं पाकीट तिने डिंकाने चिकटवलं. त्याचं कारण होतं. पोर्तूच्या प्रत्येक फेरीत त्यांनी नवा मोठा महामार्ग धरला होता, आणि तिथे टोलनाके नव्हते, खांबांवर कॅमेरे होते. कॅमेरा नंबर टिपतो, आणि चार दिवसांनी पोस्टाच्या खिडकीवर जाऊन पैसे भरायचे. भरणारी देओलिंदाच. उशीर केला तर दंड. पोर्तूच्या एवढ्याशा फेरीला इतका टोल, तर फारोला जाऊन यायला किती, असा हिशेब मांडून तिने तो पैसा मनातून कधीच सरकारच्या हवाली केला होता. तो आता तिचा नव्हता, फक्त तिच्या पिशवीत होता.

मे महिन्यात ते निघाले. गाडी पांढरी, एकोणतीस वर्षांची, चढावर खोकणारी. अदेरितोला घाई म्हणून नव्हती. रस्ताकामगारांचं जुनं घर दिसलं की थांब, नाली दिसली की वाकून बघ. "हे बघ, हे बघ! पाणी जाणार कुठून? झोपा काढतो लेकाचा," असं तो कुठल्यातरी न पाहिलेल्या माणसाला झापायचा आणि पुन्हा खुशीत गाडीत बसायचा. देओलिंदाचं लक्ष मात्र वर. जुना रस्ता मधूनमधून महामार्गाच्या पुलाखालून जाई, पुलाजवळ कॅमेऱ्यांचे खांब दिसत, आणि ती ओठांतल्या ओठांत आकडा वाढवत जाई.

जेवायला बसलं की दुसरा पहारा. या रस्त्यावरच्या खाणावळींत न मागताच पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर येतं. खाल्लं तर पैसे, नाही खाल्लं तर परत. ताटली टेकायच्या आत देओलिंदाचा तळहात वर. "नको, न्या." अदेरितोला ऑलिव्ह जीव की प्राण. चार दिवस तो परत जाणाऱ्या ताटल्यांकडे सासरी निघालेल्या लेकीकडे बघावं तसा बघत राहिला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सेर्तां गावाच्या अलीकडे गाडीतून वाफ निघाली. पाण्याचा पंप गेला होता. रात्र तिथेच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिकने हात पुसत सांगितलं, "दोनशे पंधरा, देओलिंदाबाई. यापेक्षा कमी केलं तर मला घरी जेवायला मिळणार नाही."

गाडीच्या पाकिटात साठ. उरलेले एकशे पंचावन्न तिने झोपेच्या पाकिटातून काढले. आयुष्यात पहिल्यांदा तिने एकातलं दुसऱ्याला लावलं. झोपेच्या पाकिटात आता पंच्याऐंशी राहिले. म्हणजे दोन रात्री. इथून मागे फिरलं तर घर दोन रात्रींवर. फारो नुसतं जायलाच तीन, मग परत येणं वेगळं. गाडीत झोपायचं? सबंध रात्र अवघडून सकाळी त्या डोळ्यांनी अदेरितो पुढचे घाट उतरणार?

गॅरेजच्या समोरच खाणावळ होती. मालकीणबाई, जाडजूड, कपाळावर पीठ, ताटली घेऊन आली. देओलिंदाचा तळहात वर झाला. ताटली परत गेली.

"अरे माणसा," देओलिंदा म्हणाली, "परत फिरावं लागेल."

अदेरितोने पावाच्या चुऱ्यासारखं काहीतरी टेबलावरून झाडलं. चुरा नव्हताच. "किती कमी पडतात?"

"सहा रात्री."

"मी रोज नुसतं सूप पिईन."

"सूपच धरलंय मी."

तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर तोच रस्ता होता. "बरं तर," तो म्हणाला. "अर्धा तर बघितला. अर्धा काय कमी आहे?"

तो चिडला असता, तिच्या पाकिटांना शिव्या दिल्या असत्या तरी तिला चाललं असतं. पण त्याचं ते शहाण्यासारखं 'बरं तर' ऐकून तिला रडू कोसळायचं बाकी राहिलं. चौतीस वर्षं परक्यांची पोरं जेवू घातली, आणि या एका माणसाची एक हौस आपल्याच्याने पुरी होईना, म्हणून स्वतःचा भयंकर राग आला.

"दे बघू ती पिशवी," अदेरितो म्हणाला. "कागद कागदाला चिकटला असेल एखादा."

"माझ्या हिशेबात?"

"दे गं."

एकेक पाकीट तो अगदी डोळ्यांजवळ धरून वाचू लागला. पेट्रोल. झोप. जेवण. गाडी, रिकामं. मग त्याच्या हाताला डिंकाने चिकटवलेलं लागलं. "हे काय?"

"ठेव ते. ते आपलं नाही. टोल आहे."

"कसला टोल?"

"कसला म्हणजे? पोस्टात भरायचा. घरी गेलं की खिडकीवर आकडा तयारच असेल. पुलापुलाला कॅमेरे आहेत, मी मोजलेत. नऊ झाले."

अदेरितोने पाकीट खाली ठेवलं. तिच्याकडे बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि देओलिंदाला वाटलं, हा रडतोय.

"अगं बाई," तो कसाबसा म्हणाला, "ते कॅमेरे पुलावरून जाणाऱ्यांचे. आपण खालून चाललोय! खालून! हा जुना रस्ता आहे. एकोणचाळीस वर्षं झाडला मी तो. त्यावर कोण घेणार टोल? मी?"

"काहीतरीच बोलू नकोस. इतक्या लांब काय फुकट सोडतील?"

"अहो बाई," मालकीणबाई सूप घेऊन येता येता मध्येच म्हणाली, "माझ्या दारावरून जातो हा. रोज पलीकडे कोथिंबीर आणायला जाते मी. टोल असता तर माझं दिवाळं निघालं असतं की!"

"सबंध?" देओलिंदाने विचारलं. "शेवटपर्यंत?"

"पार फारोपर्यंत. एक पैसा नाही."

देओलिंदाने सुरी घेतली आणि डिंक उकलला. एकशे साठ. झोपेच्या पाकिटात एकशे पंचावन्न परत गेले, एकूण दोनशे चाळीस, आठ रात्री. तिने दोनदा मोजले. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिचं तिलाच हसू फुटलं, तोंडावर हातरुमाल धरूनही आवरेना. अदेरितो तर डोळे पुसत होता, आणि डॉक्टरीणबाईंनी डोळे चोळू नका म्हणून बजावलं होतं.

"नऊ पूल मोजले म्हणे!"

"गप्प बस. सूप गार होतंय."

हातात पाच युरोची एक नोट उरली होती. तिला पाकीट नव्हतं. देओलिंदाने ती जरा वेळ उलटसुलट केली, मग मालकीणबाईला हाक मारली. "ती मघाची ताटली आणा. ऑलिव्हची. आणि राहू दे टेबलावर."

फारोला ते आठव्या दिवशी पोचले. शेवटचा दगड गावात, गाड्यांच्या वर्दळीत, एका गोल चौकाच्या कडेला आहे. तिथे जाऊन बघण्यासारखं दुसऱ्या कुणाला काही वाटणार नाही. अदेरितोने गाडी लावली आणि तो चालत निघाला. लांबून त्याला आकडा दिसत नव्हता, हे तिला त्याच्या मान वाकडी करण्यावरून कळलं. ती वाचून दाखवायला तोंड उघडणार, तोच थांबली.

तो दगडाजवळ गुडघ्यांवर बसला. आधी त्याने दगडाच्या बुडाशी उगवलेलं गवत उपटलं, सगळं, नीट, आणि एका बाजूला रचून ठेवलं. मग हात विजारीला पुसले, तोंड अगदी जवळ नेलं आणि बोट फिरवत एकेक आकडा मोठ्याने वाचला.

"सात. तीन. आठ."

"दिसतंय ना?" देओलिंदाने मागून विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला. "सगळं दिसतंय."