विसावं ताट

शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे. पोरं घरी पळाली आणि प्रमिलाबाई रिकाम्या वर्गात टेबलावर डोकं टेकवून धुमसत आहेत. पट एकोणीस. सोमवारपर्यंत वीस झाला नाही तर शाळा बंद, मग पोरांनी ओढा ओलांडून चार किलोमीटरवरच्या गावात जायचं. आठवडाभर बाई दारोदार फिरल्या. चहा सगळ्यांनी पाजला, मूल एकानेही दिलं नाही. सगळ्यांना टायवाली शाळा हवी. मेल्यांनो, तुम्ही स्वतः बाराखडी कुठे गिरवलीत, असं पुटपुटता पुटपुटता त्यांचे डोळे जड होतात.

सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येतो. दारात हौसामावशी बसली आहे. बारा वर्षं तिने इथे खिचडी शिजवली, दोन वर्षांपूर्वी वारली. हजेरीवर तिचा कधीच विश्वास नव्हता. रोज वर्गात येऊन डोकी मोजायची आणि तेवढ्याच मुठी तांदूळ घ्यायची.

"किती टाकू, बाई?"

"एकोणीस."

"आन इसावं?"

बाई भडकतात. सरपंचाची नातवंडं, दूधवाल्याची जुळी, एकेकाचं नाव घेऊन उद्धार करतात. मावशी ताटं मांडते आहे, आणि वर्गाचं आता बाईंच्या तालुक्यातल्या घरचं स्वयंपाकघर झालं आहे. विसाव्या ताटासमोर टाय लावलेला त्यांचा मुलगा ओम बसला आहे.

"त्याचं वेगळं आहे, मावशी."

"काय येगळं? माझ्या नातीला ही शाळा चांगली, मग ह्याला का न्हाई?" मावशी त्यांचं मनगट धरते. "बारा वर्सं भिंतीआडून ऐकलंय मी तुमचं शिकवनं. झ्याक शिकवता. का मलाच कळलं न्हाई? तसं सांगा, ताटं उचलते."

बाईंना इतका संताप येतो की जाग येते. दुपारचे साडेबारा झाले आहेत.

हाताखाली पोरांचे प्रवेश नोंदवायचं दाखलखारीज रजिस्टर उघडं आहे. शेवटच्या ओळीवर ओमचं पूर्ण नाव, जन्मतारखेसह, त्यांच्याच अक्षरात. शाई बोटाला लागते. या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.

बाई नवऱ्याला फोन लावतात.

"अहो, सोमवारपासून ओम माझ्या शाळेत येईल." तिकडून आवाज चढतो, तसा त्यांचाही चढतो. "ते नंतर. आधी मला सांगा, मी वाईट शिकवते का?"