तपासणीचा दिवा

नव्या सुनेला सासू छळते, नणंद छळते असं जग म्हणतं. माझ्या सासूबाईंनी मला कधी चढ्या आवाजात हाकसुद्धा मारली नाही आणि नणंद तर माझ्याच साड्या नेसून माझंच कौतुक करत हिंडायची. मला छळलं ते माझ्या चुलतसासऱ्यांनी, आणि तेही दिव्यांच्या एका माळेने. अख्ख्या पुणे शहरात दिवाळी नासवण्याचं इतकं मनापासून काम दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या नवऱ्याचे, म्हणजे आमच्या ह्यांचे वडील हे लहान असतानाच गेले. काकांनी ह्यांना वाढवलं, शिकवलं, चार पैसे मिळवण्याच्या लायकीचं केलं. त्यामुळे काकांचा शब्द मोडायचा नाही, हे मला लग्न ठरतानाच बजावलं होतं. माळेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. एखाद्या मुलीला फसवून देतात म्हणजे आणखी काय करतात?

आम्ही कोथरूडला एकाच इमारतीत राहतो, काका-काकू पहिल्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. काका खडकीला संरक्षण खात्याच्या हिशेबाच्या कचेरीत होते. उभ्या जन्मात त्यांनी दारूगोळ्याला हात लावला नव्हता, लावला तो दारूगोळ्याच्या फायलींना. पण रुबाब असा, की यांनी नजर हटवली की दारूगोळ्याचा कारखाना उडालाच म्हणून समजा. तिथलीच एक शिस्त त्यांनी घरी आणली होती. हुकूम ऐकला की तो मोठ्याने परत म्हणायचा. काकू साधी पोळी वाढायला आल्या तरी काका म्हणायचे, "अर्धी." आणि काकूंनी म्हणायचं, "अर्धी वाढली." त्याशिवाय काका पोळीचा तुकडा मोडत नसत.

आता ती माळ. आजच्या पोरांना सांगूनही कळणार नाही. जुन्या माळेत सगळे दिवे एकामागोमाग एका तारेवर; त्यातला एक गेला की अख्खी माळ ठार. कुठला गेला ते वरून कळायचं नाही, सगळे सारखेच साळसूद. लोक अशा वेळी वैतागून नवी माळ आणत. काका आनंदाने बाह्या सरसावत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून ते बामची एक रिकामी डबी काढायचे आणि त्या डबीतून कापसात गुंडाळलेला एक दिवा. हा 'तपासणीचा दिवा'. हा चांगला आहे, याची काकांना खात्री. मग माळेतला पहिला दिवा काढायचा, त्याच्या जागी हा बसवायचा, बटण चालू करायचं. पेटली नाही? बंद करायचं, पहिला दिवा परत त्याच्या जागी, हा दुसऱ्याच्या जागी. असं करत करत जिथे माळ पेटेल तिथला दिवा गेलेला. वाचायला सोपं वाटतं. बटणापाशी बसून बघा.

बटणापाशी मी बसायचे. बटण दिवाणखान्यात, माळ गॅलरीत, मध्ये पडदा. बाहेरून काका ओरडणार, "बंद!" मी आतून, "बंद आहे, काका!" "चालू!" "चालू आहे, काका!" हे काम आधी आमच्या ह्यांच्याकडे होतं. पण एकदा क्रिकेटची मॅच बघता बघता हे चालू बटणालाच 'बंद आहे' म्हणाले आणि काकांना असा सणसणीत झटका बसला, की त्यांनी ह्यांना त्या पदावरून कायमचं काढून टाकलं. तेवढ्यात घरात मी आले. "सूनबाईचा आवाज भरवशाचा आहे," काका म्हणाले, आणि माझी नेमणूक झाली. बघायला आले तेव्हा मला गाणं म्हणायला का सांगितलं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

माझी पहिली दिवाळी. दिवाळसणाला माहेरी साताऱ्याला जायचं, स्वारगेटहून दुपारची एस.टी. धरायची, आईने जावयासाठी काय काय मांडून ठेवलेलं. बॅगा दारात. आणि माळ गेली. "पाच मिनिटांचं काम आहे," काका म्हणाले. त्या पाच मिनिटांत आमची गाडी गेली, तिच्या मागची गेली, आणि मी नव्या पैठणीत पाटावर बसून 'बंद आहे, काका' करत राहिले. शेवटी माळ पेटली. मी हुश्श करून उठले, तर बाहेरून पुन्हा, "बंद!" मला काही कळेना. "अहो काका, पेटली ना?" तर म्हणाले, "तपासणीचा दिवा आहे तो. तो माळेत राहायचा नाही. तो काढायचा, नवा बसवायचा, आणि हा डबीत. हा माळेत अडकला तर पुढच्या वेळी शोधायचं कशाने?" दर वर्षी हेच. माळ पेटायची, सगळे टाळ्या पिटायचे, आणि हे गृहस्थ 'बंद!' म्हणून पुन्हा अंधार करायचे. त्या दिवशी माहेरी पोचलो तेव्हा ओवाळायला ताट घेऊन बसलेली आई पेंगायला लागली होती.

बरं, माळेचा एक दिवा गेला तर त्या जागी चांदीच्या कागदाचा बोळा कोंबला तरी माळ पेटते. सगळं जग तेच करतं. आमच्या ह्यांनीही एकदा काका दुपारचे झोपलेत असं बघून, कुठला गेलाय ते न शोधता अंदाजाने चार जागी चांदी कोंबली. माळ झक्क पेटली. संध्याकाळी काका फिरून आले आणि फाटकातूनच ओरडले, "उजेड जास्त पडलाय! कुणी केलं हे?" मग गॅलरीत उभं राहून, खालचा वॉचमन आणि वरची बिऱ्हाडं ऐकताहेत, याची पर्वा न करता व्याख्यान. "चौघांचं काम बाकीच्यांच्या उरावर घातलंत! दोन दिवस झकपक दिसतील आणि एकेक करून मरतील. गेला त्याच्या जागी दुसरा आणायचा, समजलं? राहिलेल्यांना राबवायचं नाही!" ह्यांनी मान खाली घालून चारी बोळे काढले. राग मला इतका आला होता की मी जेवले नाही. पण पुढे मी हिंजवडीला नोकरीला लागले. कंपनीच्या बसमधून तासन्‌तास धक्के खात जायचं आणि तिथे काय, तर टीममधला एक जण सोडून गेला की त्याचं काम उरलेल्यांत वाटून टाकायचं आणि वर 'तुम्ही सगळे किती छान मॅनेज करता' म्हणायचं. एका मीटिंगमध्ये माझा तोल गेला. मी उभी राहून म्हटलं, "चांदी कोंबू नका! त्याच्या जागी दुसरा दिवा आणा!" सगळे माझ्याकडे बघतच राहिले. माणूस काही मिळाला नाही. मला दोन दिवस सुट्टी घेऊन आराम करायला सांगितलं.

काकांचा हा जाच घरापुरता असता तरी मी सोसलं असतं. एकदा गणपतीत पेठेतल्या एका मंडळाची रोषणाई बघायला गेलो. लोक मूर्ती बघत होते, काका कमानीची एक विझलेली ओळ. कार्यकर्त्याला बोलावून त्यांनी असं काही फैलावर घेतलं, की तो कंटाळून म्हणाला, "काका, एवढं कळतंय तर तुम्हीच करा की." पुण्यात हे बोलणं टोमणा असतो. काकांनी ते आमंत्रण समजून खुर्ची मागवली. खिशात बामची डबी होतीच! पुढच्या क्षणी अख्खी कमान गुडुप, दर्शनाची रांग अंधारात, आणि त्या अंधारात काका ओरडताहेत, "सूनबाई, बटण कुठाय बघ!" मी ओळख न दाखवता पुढे चालू लागले. काकू म्हणाल्या, "चल बाई, आपण भेळ खाऊ. यांचं चालू दे."

आणि ते भाऊबीजेचं तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या वर्षी सगळी माळ तपासून झाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तरी पेटेना. पुन्हा पहिल्यापासून. तरी नाही. आत पानं वाढलेली, माझे भाऊ साताऱ्याहून येऊन ताटकळलेले. काकांनी आधी वीजमंडळावर संशय घेतला, मग तारेवर, आणि मग पडद्याआडून आवाज आला, "सूनबाई, तू बटण खरंच चालू करतेयस ना?" माझ्यावर! जिने त्यांच्यापायी गाड्या चुकवल्या तिच्यावर! काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, दोन गेले असतील." काका म्हणाले, "दोन एकदम जात नसतात." दोनच गेले होते; एकाच्या जागी तपासणीचा घातला तरी दुसरा मेलेलाच. बासुंदीवर साय धरली, भजी चिवट झाली. काकांनी माझी माफी वगैरे मागितली नाही. जेवताना फक्त म्हणाले, "सूनबाईला बासुंदी वाढा," आणि काकू म्हणाल्या, "वाढली."

पुढे बाजारातून सुटे दिवे नाहीसे व्हायला लागले. परदेशी माळा ढिगाने आल्या, गेली की फेका. काका विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतलं एकेक दुकान पालथं घालायचे. एकदा मीही होते बरोबर. दुकानदार म्हणाला, "सुटा बल्ब कोण ठेवतं हो? अख्खी माळच न्या." काका उसळले, "एक दात पडला तर डोकं बदलता का तुम्ही?" तो मान वर न करता म्हणाला, "कवळी बसवतो." काकांनी त्याच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेली सुट्या दिव्यांची सगळी जुनी पाकिटं उचलली आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. बोनस मिळाला तेव्हा मी त्यांना मुद्दाम नव्या पद्धतीची भारीतली माळ आणून दिली. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट बघितली. "यातला एक गेला तर?" मी अभिमानाने म्हटलं, "बाकीचे चालू राहतात, काका." काकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "म्हणजे एक गेला तरी बाकीच्यांना पत्ताच नाही?" ती माळ पुढे काकूंनी कुरडया वाळत घालायच्या चादरीला दोरी म्हणून बांधली. माझ्या बोनसची ही किंमत!

गेल्या वर्षी पावसाळ्यात काकांना अर्धांगाचा हलकासा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजवा हात मात्र थरथरत राहिला. दिवाळी आली. वसुबारसेच्या दिवशी मी ऑफिसातून आले तर काकू जिन्यातच उभ्या. "अगं, मी त्यांना म्हटलं, माळ काढायची ना? तर म्हणाले, सगळ्यांकडे दिवे आहेत, आपला एक नसला तर काय बिघडलं." काकूंचे डोळे भरले होते. "औषधं घेतात, जेवतात, सगळं करतात. पण असं कधी बोलले नव्हते बघ. या माणसाने मनातून सोडून दिलं तर मी काय करू?"

मी सांगते, इतक्या वर्षांत मला काकांचा इतका संताप कधी आला नव्हता. आपला एक नसला तर काय बिघडलं? हे काकांनी म्हणायचं? गाड्या चुकवल्या, बासुंदी नासवली, भर गर्दीत माझी शोभा केली, आणि आता हे म्हणणार काय बिघडलं? मी पर्ससकट आत गेले, कपाटावरचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे आदळला.

"उठा. बटणापाशी बसा."

"मी?" काका म्हणाले. "बटणापाशी?"

"मग मी एकटी दोन्हीकडे बसू का? डावा हात चालतोय ना?"

ते बसले. मी गॅलरीत माळ पसरली. अर्थात पेटली नाही. पहिला दिवा काढला, तपासणीचा बसवला. "चालू!" आतून पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं. "ऐकू येत नाही! मोठ्याने!" असं मी ओरडले, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. "चालू आहे!" "बंद!" "बंद आहे!" हळूहळू काकांचा आवाज चढायला लागला. मधूनच सूचनाही यायला लागल्या, हलवून बसव, घाई करू नको, तुझा धसमुसळेपणा तिकडे कंपनीत. काकू दारात उभं राहून हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

माळेच्या पार शेपटीला सापडला. "चालू!" आणि गॅलरी उजळली, लाल, पिवळी, हिरवी, त्याच जुन्या मंद उजेडाने. मी काकांच्या थाटात हात पुढे केला आणि ओरडले, "बंद! काकू, नवा दिवा द्या!"

काकूंनी डबा उपडा केला. कापूस पडला, रिकामी पाकिटं पडली. "संपलेत गं," त्या म्हणाल्या.

बाजारात तर केव्हाच संपले होते. आता काय करायचं? मी चिडून म्हटलं, "काका, चांदी कोंबते."

"हात मोडीन!" आतून गर्जना आली. आजारपणानंतर पहिल्यांदाच तो आवाज ऐकला. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकीतून डोकावून बघितलं.

 मी पडदा सारला. काका बटणापाशी बसले होते, डावा हात मांडीवर, नजर बाहेर माळेच्या शेपटीकडे. माळ अजून चालूच होती. "काका, बंद म्हटलं मी," मी म्हणाले.

"राहू दे तो तिथेच," काका म्हणाले.

"अहो, पण तो तपासणीचा आहे. पुढच्या वेळी शोधायचं कशाने?"

"पुढच्या वेळचं पुढच्या वेळी," ते म्हणाले. हे मला ज्यांच्याकडून ऐकायची कधी सवय नव्हती, त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग काकूंना म्हणाले, "ती डबी धुऊन ठेव. लवंगा ठेवायला होईल."

तुळशीचं लग्न झालं, सगळ्या इमारतीच्या माळा उतरल्या. दर वर्षी त्या दिवशी आमचीही उतरते, कापडात गुंडाळून डब्यात जाते. मी गॅलरीत स्टूल मांडून चढले. आत काका बटणापाशी खुर्ची घेऊन बसलेले. "बंद करा, काका," मी म्हटलं.

"चार दिवस अजून राहू दे, सूनबाई."

मी स्टुलावरून उतरले. या माणसाने इतक्या वर्षांत मला सांगितलेलं हे पहिलं काम, ज्यात मला काहीच करायचं नव्हतं. आत येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "चालू आहे, काका."

"हो," काका म्हणाले, "चालू आहे."