गजू शांत झाला

“दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन घेणं. मी विचारलं, “मग गजूला कोण बघंल?” ते म्हणाले, “गजू कोण?”

गजू माझा मुलगा. सिव्हिअर इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी, म्हणजे वय बत्तीस आणि समज दीड वर्षाच्या लेकराची. भरवणं, धुणं-पुसणं सगळं माझ्याकडे. त्याचे वडील नाहीत. आखाडा बाळापूरहून हिंगोलीला डायलिसिसला जायचं म्हणजे दिवस मोडतो. सुरुवातीला शेजारच्या शकीलाभाभींनी त्याला सांभाळलं. मग म्हणाल्या, “ताई, माझ्याच्यानं आवरत न्हाई आता. लेकरू कुठं, पुरा बाप्या हाय त्यो.” त्यांचं तरी काय चुकलं?

संस्था शोधायला लागले. जिथे विचारावं तिथे अठरापर्यंतच घेतात. जणू एकोणिसावं लागलं की अशी मुलं शहाणी होतात! शेवटी परजिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेनं हो म्हटलं. फाटकापाशी गजूनं माझा पदर धरला. संस्थेतल्या दोघांनी मिळून त्याची बोटं सोडवली. “माय, माय” असं ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

नंतर फोन केला की तिथल्या काळजीवाहक बाई सांगायच्या, “लई ओरडून राहिला. जेवत न्हाई.” मला तर उठून जाण्याचंही त्राण नव्हतं.

एकदा हाताला सुया लावलेल्या असतानाच त्यांचा फोन आला. “ताई, तुमचा गजू शांत झाला.”

माणूस गेला तरी आपण असंच म्हणतो. मी हंबरडा फोडायला हवा होता. पण छाती एकदम हलकी झाली. सुटलं माझं लेकरू, माझ्या आधी सुटलं. आता मी मरायला मोकळी.

“ऐकून राहिल्या ना, ताई? आता ओरडत न्हाई. माय माय करत न्हाई. दिलं तेवढं खातो, भिंतीकडं तोंड करून बसतो. लई गुणाचं लेकरू.”

म्हणजे जिवंत होता. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. सिस्टरला वाटलं, सुई दुखते आहे.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर धीर धरा, असं मी सांगणार नाही. मला तो धीर कुठे सापडला नाही. त्या बाई परक्याचं लेकरू धुतात-पुसतात, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

डायलिसिस मात्र चुकवत नाही. जगण्याची हौस नाही. त्याच्या आधी मला जायचं नाही, एवढंच.