मावशीच्या नावाची बोली

चावीवाली मावशी म्हटलं की अख्ख्या बाजाराला ठाऊक. जिन्याखाली एवढंसं दुकान, भिंतभर कोऱ्या चाव्या, हातात कानस आणि तोंडाला मात्र कुलूप नाही! विद्या बापाची. आयुष्यात एकही दार फोडलं नाही, हा तिचा तोरा. आणि तो खरा होता.

म्हणून शाळेच्या मोठ्या बाई भर बाजारात तिच्यावर बरसल्या तेव्हा ती चाटच पडली.

"तुमच्या माणसानं माझं दार ड्रिलनं फोडलं, मावशी! तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझा कुठला माणूस? मी एकटी!"

बाईंकडचा मावशीचा नंबर हरवला होता, म्हणून त्यांनी मोबाइलवर 'चावीवाली मावशी' असं शोधलं होतं. सगळ्यात वर जाहिरात कुलपं उघडून देणाऱ्या एका बड्या कंपनीची, आणि नंबरही तिचाच. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे तिनं त्या नंबरावर फोन लावला. तिकडचा साहेब साखरेत घोळलेला. "आमच्यात या ना, मावशी. पगार देतो. नाव तसंही आमच्याकडेच आहे."

संध्याकाळी भाचीनं समजावलं. ती जाहिरातींच्याच ऑफिसात होती. "कुणी शोधायला शब्द टाकला रे टाकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लिलाव होतो. ज्याला वर दिसायचंय तो त्या शब्दावर आधीच बोली लावून ठेवतो. तूही लाव."

"माझ्याच नावासाठी मी बोली लावू? जीव गेला तरी नाही!"

आणि बसली रुसून. तिकडे आणखी दोन दारं फुटली, बोल हिलाच. शाळेच्या बाई तर तिला पाहून रस्ता ओलांडायला लागल्या. ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

एक दिवस भाची कपाटाची चावी करून घ्यायला आली. "तू अडून बसलीस आणि त्यांचं फावलं. जो वर दिसतो त्याला खालच्याच्या बोलीला हरवण्यापुरतेच पैसे पडतात, तेही कुणी क्लिक केलं तरच. खाली कुणी नसेल तर अगदीच किरकोळ."

कानस थांबली. "म्हणजे मी रुसले म्हणून माझं नाव मातीमोल गेलं?"

"हो."

"आणि बोली लावून हरले तर?"

"तरी त्यांना महाग पडेल. शिवाय नुसता पैसा बघत नाहीत. शोधणाऱ्याला कुणाची जाहिरात नेमकी लागू पडते, लोक कुणाची उघडतात, तेही बघतात. नाव तुझं आहे."

"मग बघतेस काय? लाव!"

मजकूर मावशीनं स्वतः सांगितला: 'मीच ती. दार फोडत नाही, उघडते.' पहिल्या दिवशी हौसेनं स्वतःचीच जाहिरात इतक्यांदा उघडून पाहिली, की दुपारपर्यंत जाहिरातीचे दिवसभराचे पैसे संपले! भाचीनं कपाळावर हात मारला.

आठवड्याभरात साहेबाचा फोन. साखर विरघळलेली. "कशाला नादी लागता? आम्ही बोली वाढवू."

"वाढव की! वर जाशील तर माझ्या बोलीवर पैसे मोजून जाशील."

"यातून तुम्हाला काय मिळतं?"

"नाव माझ्या बापानं कमावलंय, बाबा. तुला फुकट खाऊ देणार नाही."

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. ती खेकसली, "आता काय?"

"चावीवाली मावशी ना? खरी?" आवाज शाळेच्या बाईंचा. "जाहिरात वाचली. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले हो... आणि आज परत चावी आत राहिली."

मावशीनं पिशवी उचलली आणि शटर खाली ओढत ओरडली, "दाराला कुणाला हात लावू देऊ नका! आले मी!"