घाटावरची म्हैस

ह्यांना मास्तरची नोकरी लागली ती थेट मालवणकडच्या एका खाडीकाठच्या गावात. माझं माहेर माणदेशातलं. लग्न होईपर्यंत मी वाहतं पाणी फक्त पावसाळ्यात, तेही ओढ्यात, घोट्याएवढं पाहिलेलं. आणि इथं घराच्या मागे काजूचा डोंगर, पुढे भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं, त्यांच्यापलीकडे ती रुंद, हिरवट खाडी. दिवसातून दोनदा तिचं पाणी चढायचं आणि दोनदा उतरायचं. पहिल्यांदा पाणी उतरलेलं पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी धावत शेजारच्या काकीकडे गेले. ती इतकी हसली की तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

ही काकी पन्नाशीची असेल. एकटीच राहायची, मुलगे मुंबईला गिरणीत. मला गावात कसं राहायचं ते तिनंच शिकवलं.

"गो बाये, हय दगड उचलूचो झालो तर आधी काठयेन हलवचो, मगेच हात घालूचो. खाली फुरसा आसता."

फुरसं हे वीतभर दिसतं, पण नागापेक्षा लोक त्यालाच जास्त भ्यायचे. दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. वाघाचं तर नावच घ्यायचं नाही, नुसतं 'तो'. आता बिबट्या म्हणतात तोच हा. तेव्हा सगळे त्याला वाघच म्हणत. मी हे सगळं निमूटपणे शिकले. ह्यांना मात्र एक गोष्ट पटली नाही.

गावाच्या शिवेवर एका जुन्या आईनाच्या झाडाखाली राखणदाराची जागा होती. मूर्ती नाही, काही नाही. एक उभा दगड आणि त्याच्यापुढे लोकांनी वाहिलेले चामड्याच्या वहाणांचे मोठमोठे जोड. राखणदार रात्रभर शीव फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, असं काकी सांगायची. गावात नवीन राहायला आलेल्यानं त्याला नारळ द्यायचा आणि आपण आल्याचं कानावर घालायचं, ही रीत.

"शाळेत मुलांना मी भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून शिकवतो," हे म्हणाले, "आणि शाळा सुटल्यावर दगडापुढे नारळ फोडू?"

काकीनं मान हलवली. "बरा तर. तुमची मर्जी, मास्तरांनू." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पहिल्या गणपतीनंतर माझे वडील मला भेटायला आले. मी त्यांच्यापुढे कोरा चहा ठेवला. गावात दुधाची टंचाईच होती. तिकडच्या गाई शेळीएवढ्या, वासराला पुरेल इतकंच दूध. वडिलांनी चहा प्यायला, दोन दिवस राहून गेले. आणि महिन्याभरानं परत आले ते आमची घरची म्हैस घेऊन. फोंडा घाटानं ट्रकमधून कणकवलीपर्यंत, तिथून पायी.

"लेकीनं बिनदुधाचा चहा प्यावा, एवढे काय आपण गरीब झालो नाही," एवढंच म्हणाले.

ती पंढरपुरी जातीची होती. तिची शिंगं कपाळापासून मागे पार खांद्यापलीकडे गेलेली, तलवारीसारखी. असली शिंगं त्या गावात कुणी पाहिली नव्हती. शाळा सुटली की पोरं आमच्या अंगणात येऊन उभी राहायची. पुढे पुढे 'घाटी म्हस' ही गावातली ओळखीची बाई असावी तशी लोक तिची चौकशी करू लागले. ती मात्र कुणालाही जवळ येऊ द्यायची नाही. माझ्याशिवाय कुणी धार काढायला बसलं की शिंगं फिरवायची. ती पारडी होती तेव्हापासून मीच तिला चारलेलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मनातलं मी तिच्याशीच बोलायची.

भातकापणी संपून गावात झोडणी चालली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मी धारेचं भांडं घेऊन गोठ्याकडे गेले तर गोठा रिकामा. गोठा कसला, झावळ्यांचा मांडवच तो, दोन बाजूंनी उघडा. दावं तुटलेलं, खुंटा अर्धा उपटलेला. अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर मांजराच्या पावलासारखे ठसे होते, पण माझ्या तळहाताएवढे.

मी हाक मारली तसे हे आणि काकी दोघंही धावत आले. काकीनं ठसे पाहिले आणि हळूच म्हणाली, "तो येवन गेलो."

मी खाली बसून तुटलेलं दावं उचललं. हे माझ्याजवळ बसले. "रक्त कुठं दिसत नाही," ते म्हणाले. "दावं तोडून पळालीय ती. आपण शोधू."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. झोडणी टाकून माणसं आली. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या काठी. खुरांचे ठसे कुणग्यातून शिवेकडे गेले होते आणि पुढे सड्यावर, म्हणजे त्या काळ्या कातळाच्या माळावर, नाहीसे झाले होते. पण जंगलात शिरण्याआधी सगळे आईनाच्या झाडापाशी थांबले. आधी गाऱ्हाणं घालायचं, मग पाऊल टाकायचं, असं ठरलेलंच होतं.

एक माणूस मागून बोलला, "मास्तरांनी नारळ देवक नाय, म्हणान ह्या झाला."

मला त्या माणसाचा राग आला. ह्यांचा चेहरा लाल झाला. पुढे गावकार उभे होते, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारे गृहस्थ. चांगले सत्तरीचे, उघडेबंब, खांद्यावर पंचा. ते त्या माणसाकडे वळले.

"गप रे. देव काय नारळासाठी अडान बसता?"

मग त्यांनी दगडासमोर हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ही माणसा दूर घाटावरसून तुझ्या गावात इली आसत. तुझ्या पोरांका शिकवतत."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"तेंची म्हस खंय तरी गेली आसा. तिका तुझी वाट म्हायत नाय, तुझी खाडी म्हायत नाय."

"व्हय म्हाराजा!"

"जशी आमची गुरां तशीच ती. तिका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या शेवटच्या वेळी माझ्या शेजारून एक आवाज आला. मी वळून पाहिलं. ह्यांनी हात जोडले नव्हते, पण बोलले होते तेच. मला त्या क्षणी म्हशीचाही विसर पडला. गावात येऊन इतके महिने झाले होते. पण आमच्याबद्दल कुणी एवढ्या मोठ्यानं, सगळ्यांसमोर, आमची माणसं असल्यासारखं बोललं नव्हतं.

माणसं सड्यावरून रानात पांगली, हेही त्यांच्याबरोबर गेले. मी आणि काकी झाडापाशीच थांबलो होतो, एवढ्यात खाडीकडून तरवाला, म्हणजे होडीतून लोकांना पैलतीरी नेणारा, ओरडत आला. म्हैस सापडली होती. पण खाडीच्या मधल्या बेटावर, कांदळीच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांत. पोहत गेली असणार. तिथं पोटापर्यंत चिखलात रुतली होती आणि ती लांब शिंगं कांदळीच्या फांद्यांत अडकून बसली होती.

"जवळ जाव देणा नाय," तो धापा टाकत म्हणाला. "आणि भरती लागली आसा."

भरतीचा अर्थ एव्हाना मला कळत होता. पाणी चढलं की चिखल सैल होईल, म्हैस तरंगेल, ती पोहणारच. पण डोकं खाली अडकलेलं राहिलं तर तेच पाणी तिच्या नाकातोंडात जाईल.

"मी येते," मी म्हणाले.

मी आजवर होडीत बसले नव्हते. खाडी दिसली की मी काठापासून चार पावलं मागं उभी राहायची. काकीनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. "भियाव नको. मी आसंय मगे."

होडीत तरवाला, त्याचा भाऊ, काकी आणि मी. होडी हलली तसे मी डोळे मिटले. काकीनं माझा हात घट्ट धरला होता. बेट जवळ आलं तसा मला म्हशीचा फुसकारा ऐकू आला आणि मी डोळे उघडले. म्हशीचे डोळे पांढरे झाले होते. मान वाकडी, शिंगं फांद्यांच्या जाळ्यात. जवळ कुणी गेलं की ती धडपडायची आणि आणखीच अडकायची.

आमच्याकडे म्हशीला बोलावताना एक लांब हाक घालतात, "हॅऽऽ रं हॅऽऽ". ती हाक त्या खाडीवर कधी कुणी घातली नसेल. मी ती एकदा घातली. दुसऱ्यांदा मोठ्यानं घातली. म्हशीचे कान हलले.

काकीनं होडीतला दोर माझ्या कमरेला बांधला आणि मी उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत आला आणि पाय धरून बसला. पाणी थंड होतं. मी बोलत बोलत पुढं सरकले. काय बोलले ते आता आठवत नाही. आईनं शेणगोठा करताना म्हशीशी बोलावं तसलंच काहीतरी. तिच्या गळ्याखाली हात घातला, खाजवलं, तशी ती थरथरायची थांबली. तिचा जड श्वास माझ्या तोंडावर येत होता.

"आता तोडा," मी म्हणाले.

तरवाला आणि त्याचा भाऊ दोन बाजूंनी कोयते चालवू लागले. ओली फांदी लवकर तुटत नाही. पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. मी म्हशीची हनुवटी वर उचलून धरली होती. तिनं एकदाही शिंग हलवलं नाही. शेवटची फांदी तुटली तेव्हा पाणी तिच्या जबड्याला लागलं होतं. तिनं मान झटकली, चिखलातून एक मोठा डबक असा आवाज आला, आणि ती वर आली. तरंगली! काकीनं दोर खेचून मला होडीत घेतलं. मी रडत होते की हसत होते कुणास ठाऊक; काकी मात्र दोन्ही करत होती.

येताना मी होडीच्या मागच्या टोकाला बसले आणि हाक घालत राहिले. होडीमागून ती काळी मान आणि ती लांब शिंगं संथपणे पाणी कापत येत होती. काठावर सगळा गाव जमला होता. हे गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते, चष्मा भिजलेला.

म्हशीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नखांचे चार ओरखडे होते, खोल नव्हते. हळद भरली. गावकार ते पाहून म्हणाले, "राखणदारान तिका पाण्यात घातली. तिच्या मागसून इलो, पण 'तो' खाडीत उतरणा नाय."

हे म्हणाले, "म्हैस आहे ती. जीव वाचवायला पाण्याकडेच जाणार."

गावकार हसले. "मास्तरांनू, मगे तिका पाण्याकडे जावची बुद्धी कोणी दिली?"

हेही हसले.

त्या आठवड्यात चार घरांतल्या माणसांनी मिळून आमच्या गोठ्याला चिऱ्यांची भिंत घातली आणि फणसाच्या फळ्यांचं दार बसवलं. चिरे कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या कुंपणाचे होते. मजुरी विचारली तर राग आला त्यांना. शेवटी काकीनं सुचवलं म्हणून सगळ्यांना खरवस करून घालायचा शब्द मी दिला, म्हैस व्यायल्यावर.

आणि एका रविवारी हे आपण होऊन नारळ घेऊन निघाले. काकीनं कुंपणावरून विचारलंच, नारळ कोणाक म्हणून.

"राखणदाराला नाही हो देत," हे म्हणाले. "गावानं आमच्यासाठी हात जोडले, त्या गावाला देतोय."

"तो आणि गाव येगळो नाय," काकी म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

पावसाच्या तोंडावर म्हैस व्यायली, पारडी झाली. खरवस खायला अंगणात पंगत बसली. ज्या माणसानं आईनाच्या झाडाखाली नारळावरून बोट दाखवलं होतं, त्यानं तीनदा मागून घेतला. माझा त्याच्यावरचा राग तिथंच विरघळला.

पुढं हिवाळ्यात, ओहोटीच्या वेळेला, काकी पाटी घेऊन निघाली तेव्हा मीही साडी खोचून तिच्याबरोबर गेले. चिखलात बोटं घालून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कशा चाचपायच्या ते तिनं दाखवलं. पहिल्यांदा माझ्या हाताला नुसते खडे लागले. मग एक गुळगुळीत, गार, घट्ट मिटलेली तिसरी लागली. मी ती धुऊन काकीच्या पाटीत टाकली आणि पुन्हा वाकले. आजूबाजूला गावच्या बायका वाकून काम करत होत्या, एकमेकींच्या सुनांच्या कागाळ्या सांगत होत्या, आणि त्यातली एक मला विचारत होती, घाटावर सुना कशा असतात गो?