सगळे कोयते आले होते

आधीच सांगते, भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्या मला फक्त कॅलेंडरवर दिसते. बीडला मी कॉम्प्युटरचे क्लास घेते, मुलांना कोडिंग शिकवते. "मॅडम, आपोआप झालं" असं कुणी म्हणालं की त्याला उभं करते... आपोआप काही होत नसतं. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय. अनुभवाची नाही, माझी.

धाकटा भाऊ दत्ता ऊसतोडीचा मुकादम आहे. गाव धारूरच्या घाटाखाली. दसरा झाला की त्याची टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून कारखान्यावर निघते. गेल्या वर्षी म्हणाला, "आक्का, लोकाच्या पोरांना शिकवतीस, भावाला बी कायतरी करून दे की. कोण बसलं, कोण ऱ्हायलं, लई बोंब हुती."

मी मोबाईलवर उघडणारं एक छोटं पान बनवलं. त्यात टोळीतल्या कोयत्यांचा ॲरे, म्हणजे यादी. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मोजताना एक. नाव अर्थातच नवऱ्याचं. कोयता बसला की दत्ताने नावावर बोट लावायचं, तिथे 'ट्रू' येणार. शेवटी 'एव्हरी' — ॲरेतला प्रत्येक घटक अटीत बसतो का, एवढंच तपासणारं फंक्शन. सगळे ट्रू तर पान हिरवं. एक जरी फॉल्स निघाला तर लाल.

निघायच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गावी गेले. कौतुक करून घ्यायला, खोटं कशाला बोलू? शाळेपुढे ट्रॉल्या उभ्या — भांडी, सरपण, शेळ्या, त्यावर माणसं. दत्ताने शेवटच्या नावावर बोट लावलं. पान लाल.

नावं एकेक पाहिली. सगळी ट्रू. पान बंद करून उघडलं — लाल. शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून प्रत्येक घटक वेगळा तपासला. ट्रू, ट्रू, ट्रू... आणि एव्हरीचं उत्तर फॉल्स. हे होऊच शकत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणालाही विचारा.

ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. ट्रॉलीतून एक म्हातारी ओरडली, "ओ मॅडम, तुमच्या मोबाईललाच गाव सोडवंना का?" सगळे खदाखदा हसले.

दत्ता कानाशी आला. "आक्का, इज्जत घालवू नको. कोयते सगळे हायेत."

मग मी ते केलं, ज्यासाठी क्लासमधल्या पोराचा कान उपटला असता. तपासणीची ओळ खोडली आणि तिच्या जागी सरळ 'रिटर्न ट्रू' लिहिलं, म्हणजे काहीही न तपासता 'सगळे आले' म्हण. पान हिरवं झालं. टाळ्या पडल्या. ट्रॅक्टर निघाले.

दुपारी बीडच्या एसटीत बसल्यावर सहज पान उघडलं. लाल होतं.

आता त्यात तपासायला काही उरलंच नव्हतं. अट नाही, एव्हरी नाही. फोनमध्ये जुनं पान साठून राहिलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले. सगळं पुसून पुन्हा उघडलं... लाल.

दत्ताला फोन लावला. "ट्रॅक्टर थांबव. माणसं मोज."

"आक्का, कोयते सगळे—"

"कोयते राहू दे! बाया मोज."

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. आवाज पार बसलेला. "विलासची शोभा न्हाई गं. त्यो म्हणतो, मागल्या ट्रॉलीत बायांत आसंल. बाया म्हणत्यात, आमाला वाटलं नवऱ्यापाशी हाय."

एसटी थांबवून उतरले, मिळेल त्या जीपने मागे गेले. शोभा शाळेमागच्या ओढ्यात सापडली. वाटेसाठी पाणी भरायला गेली आणि खडकावरून घसरली. डोक्याला खोक, मांडीचं हाड मोडलेलं, आणि पाचवा महिना. शुद्ध जाईपर्यंत हाका मारत होती, पण हॉर्न चालू होता. मी ज्या ओट्यावर बसून 'ट्रू' लिहिलं, तिथून तो ओढा हाकेच्या अंतरावर आहे.

ती वाचली, पोटातलं बाळही वाचलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर दोघंही हाती लागले नसते.

तोच प्रोग्रॅम, तोच ॲरे नंतर मी कितीदा चालवला. ओळखीच्या दोन इंजिनियरांनाही दाखवला. दर वेळी ट्रू, दर वेळी हिरवं. 

दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा शोभा म्हणाली, "ताई, मुकादम म्हणत्यात, तुमचा मोबाईल माझ्यासाठी अडून बसलता. म्हंजे त्यात माझं नाव हुतं?"

तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं. टोळीतल्या एकाही बाईचं नव्हतं. मी बाई असून मला ते घालायचं सुचलं नव्हतं.

"होतं," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "नवऱ्याच्या आदी, का खाली?"