स्वतःहून साफ होणारं तेल

समजा, तुमच्यासमोर एक गिअरबॉक्स धडधडतोय. आत काय चाललंय ते दिसत नाही. दिसतो फक्त मोबाइलवरचा एक आकडा, तेलात लोखंडाचा किती चुरा उतरलाय ते सांगणारा. तेवढ्यावरून ठरवायचं, मशीन थांबवायचं की चालू ठेवायचं.

चारकोपच्या एका पाइप कारखान्यात संघमित्रा हेच काम करते. वाशिमहून मालाडला आलेल्या घरातली ती पहिली डिप्लोमावाली. तेलातले सेन्सर तिनेच हट्टाने बसवून घेतले. गेल्या महिन्यात त्यांच्या भरवशावर तिने एक मशीन थांबवलं आणि आत काहीच निघालं नाही. पुन्हा असं झालं तर सेन्सर भंगारात आणि तू परत स्टोअरमध्ये, असं सुपरवायझर निलेशने तेव्हाच बजावलं होतं.

त्या सोमवारी तीन नंबर मशीनचा आकडा बराच खाली आला. शनिवारी तो धोक्याच्या रेषेला टेकला होता. निलेश खूश.

"उतरला ना? मग आता पनवती लावू नकोस."

तिला मात्र ते पटेना. माणसाचा ताप उतरतो. तेलातलं लोखंड जाणार कुठे? तिने जुना आलेख काढला. आठवडाभर चढ आणि दर सोमवारी उतार.

ते मशीन तीस वर्षं चालवणाऱ्या सहदेवकाकांना तिने एवढंच विचारलं, की सोमवारी सुरू करण्याआधी तुम्ही काय काय करता? काकांनी अगरबत्ती सांगितली, पुसणं सांगितलं, आणि सील झिरपतं म्हणून पाच लिटर नवं तेल ओततो, तेही सांगितलं.

"तहानलेल्या मशीनाक कामाक लावू काय गो?"

म्हणजे चुरा कमी होत नव्हता, नव्या तेलात नुसता विरळ होत होता. तिने लाल बटण दाबलं.

निलेश धावत आला. त्याने घड्याळ बघितलं. तिने गिअरबॉक्सच्या तळाचं बूच सोडवलं. काळं तेल आलं. बुचाला चुरा धरून ठेवणारं लोहचुंबक होतं. ते पुसताना फडक्यातून काहीतरी बोटाला टोचलं. बेअरिंगची नखाएवढी कपची.

काका ती तळहातावर घेऊन बघत राहिले. "म्हणजे मीच झाकलं हे?"

"मीही कधी विचारलं नाही, काका."

निलेशने नव्या बेअरिंगसाठी फोन लावला. सेन्सरबद्दल अवाक्षर काढलं नाही. संघमित्रा मात्र बाकीच्या सात मशीनचे आलेख उघडून बसली. सगळे कसे सपाट, गुणी. त्यांच्यात कोण, कधी, किती तेल ओततंय?